गयामायच्या चार दिवसांचा ट्रस्ट

माझ्या नातवानं मागच्या महिन्यात महाबळेश्वरला एक आठवडा विकत घेतला. खोली नाही, बंगला नाही, आठवडा. दरवर्षी तो आठवडा आला की तिथली एक खोली त्याची, बाकी वर्षभर ती दुसऱ्या कुणाकुणाची. याला टाइमशेअर म्हणतात, असं त्यानं मला समजावलं. मग कंपनीचा एक टाय लावलेला माणूस घरी आला. तो म्हणाला, आजोबा, हा आठवडा ट्रस्टमध्ये टाकून ठेवा, म्हणजे तुमच्या मागं भांडणं नकोत. जसं काही हा विचार यांच्याच डोक्यातून निघाला. मी त्याला चहा पाजला आणि म्हणालो, "बाप्पा, हे काम मी पंचाहत्तर साली केलं आहे. तेव्हा शिकले-सवरलेले लोक पोट धरून हसले होते." त्याला ते खरं वाटलं नाही. म्हणून हे लिहितो आहे, आणि रागानं लिहितो आहे. वय झालं की राग उतरतो म्हणतात, माझा उतरलेला नाही.

मी वाशीमला कचेरीच्या आवारात अर्जनवीस होतो. तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता, अकोल्यातला एक तालुका होता. टिनाच्या छपराखाली एक टेबल, एक बाक, शाईचा ठसा आणि मी. लोक मला मुन्शीजी म्हणायचे. आमच्या समाजातून त्या बाकावर बसलेला मी पहिलाच, त्यामुळं सुरुवातीला कुणी जवळ येत नसे, आणि पुढं आमची माणसं दुसऱ्या कुणाकडं जात नसत. काम सोपं वाटतं, तसं ते नसतं. माणूस म्हणायचा, "त्यानं माह्या धुऱ्यावर नांगर घातला जी." मी लिहायचो, "सामनेवाले यांनी अर्जदाराच्या बांधावर अतिक्रमण करून वहिवाटीस हरकत केली." माणूस जे बोलतो ते साहेबाला ऐकू येत नाही, आणि साहेबाला जे ऐकू येतं ते माणसाला बोलता येत नाही. मधल्या जागेत माझं पोट भरायचं.

दस्त लिहिताना पहिला प्रश्न असतो, मिळकत कोणती आणि तिची चतुःसीमा काय. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, उत्तरेला नाला की रस्ता. चार बाजू सांगता आल्या नाहीत तर कचेरीच्या लेखी ती वस्तू जगातच नाही. आता आमच्या मुलखात निम्म्या वस्तूंना बाजूच नसतात. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचे दोघं भाऊ एकदा माझ्याकडं आले. दोघांत विहीर एक, आणि तिच्या पाण्याच्या पाळ्या बापानं लावून दिलेल्या, चार दिवस याचे, चार दिवस त्याचे. बाप असेतो सुरळीत चाललं. बाप गेल्यावर एका हुशार माणसानं त्यांना कागद करून दिला, त्यात पाळी लिहिलीच नाही, "विहिरीचा निम्मा हिस्सा" लिहिलं. झालं. धाकटा मोटेच्या धावेवर दोर ताणून उभा, म्हणे या बाजूचं पाणी माझं. मी त्यांना म्हणालो, अरे, पाण्याला मध्ये दोर लावता येते का, तुमच्या बापानं तुम्हाला दिवस वाटून दिले होते, पाणी नाही. दिवससुद्धा मालकीचा असतो, हे आमच्या अडाणी लोकांना कळत होतं. न कळणारे सगळे खुर्चीवर बसलेले होते.

अशात एक दिवस गयामाय आली. अनसिंगच्या पुढचं एक खेडं, गावाचं नाव लिहीत नाही, तिची माणसं अजून तिथं आहेत. साठीची बाई, उंच, काळी, नाकात काही नाही, हातात काही नाही. सोबत दोन बाया. एक तिची धाकटी बहीण काशी, दुसरी कौसल्या, गावची सुईण. गयामाय बाकावर बसली आणि म्हणाली, "मुन्शीजी, माहे चार दिवस हायेत नागपुरात. ते बांधून द्या."

मी म्हणालो, "माय, नीट सांग. कायचे चार दिवस?"

तिनं सांगितलं ते असं. छप्पन्न साली दीक्षेला त्यांचं गाव नागपूरला गेलं. काशीचे दिवस भरत आले होते. येऊ नको म्हटलं तरी ती ऐकेना, म्हणे माहं लेकरू पोटातूनच दीक्षा घेईन. लाखो माणसं, उघडं मैदान. बाप्यांचं काय, ते कुठंही बसतात, कुठंही निजतात. बायांना ना अंघोळीला आडोसा ना दुसऱ्या कशाला. त्या गर्दीत काशीला कळा सुरू झाल्या. चार बायांनी लुगडी धरून उभं राहायचं आणि पलीकडून माणसांचा लोंढा चाललेला, वारा आला की लुगडं उडायचं. मुलगा झाला. तो जगला नाही. गयामाय हे सांगत असताना काशी शेजारी बसून रस्त्याकडं बघत होती.

गयामायचा मावसभाऊ दौलत नागपूरच्या एका गिरणीत कामाला होता आणि तेव्हा घर बांधत होता. पुढच्या खोलीवर छप्पर चढलं होतं, मागच्या खोलीच्या भिंती अर्ध्यावर थांबल्या होत्या. गयामायनं हातातले चांदीचे गोठ काढले आणि त्याच्यापुढं ठेवले. म्हणाली, भिंती वर घे. वर्षभर तू राह्य. पण मेळाव्याचे चार दिवस हे खोली माही, अन् मी आणीन त्या बायांची. दौलत शब्दाचा पक्का. पुढं दरवर्षी दसऱ्याच्या मेळाव्याला गावच्या बाया जात आणि त्या खोलीत उतरत. आत न्हायचं, कपडे बदलायचे, लेकराला पाजायचं, म्हातारीनं पाठ टेकायची. त्या चार दिवसांत दौलत स्वतःच्या घरात मागं पाऊल टाकत नसे. पाणी द्यायचं तरी बाहेरून खोकायचा आणि घागर ठेवून जायचा.

"मंग आता काय अडलं?" मी विचारलं.

"आता मी मरीन ना," ती म्हणाली. "मी मेल्यावर माही वस्तू कोनाची?"

"तुमच्या लेकाची."

"अन् लेकाची झाली का त्याच्या साळ्याची."

तिचा मुलगा किसन अकोल्याला मास्तर होता. त्याचा साळा मेळाव्यात तसबिरी आणि कॅलेंडरं विकायचा, त्याला माल ठेवायला जागा पाहिजे होती. किसन आधी आईला म्हणाला होता, माय, चार दिवसांची कुठं इस्टेट असते का, लोक हसतीन. मग साळ्यानं मागितल्यावर त्याच चार दिवसांना एकदम किंमत आली. आमच्यातली माणसं शिकली याचा मला अभिमान आहे. पण शिकून आईच्या वस्तूवर आधी हसायचं आणि मग तीच वस्तू मागायची, हे कोणत्या शाळेत शिकवतात ते मला कुणी तरी सांगावं.

तेव्हा मी तिला ट्रस्ट समजावून दिला. ट्रस्टमध्ये तीन पक्ष असतात. एक देणारा. दुसरे सांभाळणारे, त्यांना विश्वस्त म्हणतात, वस्तू त्यांच्या नावावर असते पण त्यांना ती खाता येत नाही, विकता येत नाही. तिसरे, ज्यांच्यासाठी ती राखून ठेवली ते. एकदा लिहिलं की देणाराही माघार घेऊ शकत नाही. गयामायनं सगळं ऐकलं. "म्हंजे माही हाय, पन माही नाई. अन् लेकाचीबी नाई."

"बरोबर."

"मंग तेच लिहा."

विश्वस्त या तिघी, गयामाय, काशी, कौसल्या. लाभ कुणाचा, तर मेळाव्याला जाणाऱ्या गावच्या बायांचा. त्यातही आधी गरोदर आणि बाळंतीण, मग अंगावर पाजणारी, मग म्हातारी, मग बाकीच्या. हा क्रम कौसल्येनं सांगितला, तिथल्या तिथं, बोटांवर मोजून. मी मसुदा केला आणि तपासायला एका वकिलांकडं घेऊन गेलो. त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि हसायला लागले. म्हणाले, "मुन्शी, चार दिवसांचा ट्रस्ट? उद्या कोणी दुपारच्या झोपेचा ट्रस्ट करेल." ऑफिसातले दोघं-तिघं जमले, त्यांनाही वाचून दाखवलं, तेही हसले. नाकापेक्षा मोती जड, असं एकजण म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणा शेठनं आपल्या बंगल्याचा ट्रस्ट केला असता तर याच लोकांनी उभं राहून खुर्ची दिली असती. बाईनं हातातली चांदी काढून बायांसाठी चार भिंती उभ्या केल्या, तर त्याचा विनोद होतो. मी मसुदा त्यांच्या हातातून ओढून घेतला. पुढं महिनाभर त्यांनी मला काम दिलं नाही, नाही तर नाही.

आता जे झालं ते नीट ऐका, कारण सगळं यावर आहे.

मसुद्यात मी लिहिलं होतं, "दरवर्षी विजयादशमी, म्हणजे दसरा, व त्याच्या आगेमागे मिळून चार दिवस." गयामायला वाचून दाखवलं, तशी तिनं हात वर केला. "दसरा कायले?"

"मेळावा दसऱ्याला असते ना माय."

"असू द्या. आमी देव सोडले. घरातले टाक नदीत नेऊन टाकले, माह्या सासऱ्यानं रडत रडत टाकले. अन् आता माह्या कागदात दसरा लिहू? ज्या दिवशी दीक्षा झाली तो दिवस लिहा."

"चौदा ऑक्टोबर."

"तेच लिहा. तो दिवस आमचा हाय. कोन्या देवाचा नाई."

मला तिचं बोलणं पटलं. मीही त्याच दिवसाचा माणूस. मी दसरा खोडला आणि लिहिलं, दरवर्षी बारा ते पंधरा ऑक्टोबर. योग असा की त्या साली दसराही नेमका चौदा ऑक्टोबरलाच येत होता, छप्पन्न साली आला होता तसा. टेबलामागं कॅलेंडर टांगलं होतं, आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं आणि खूश झालो. दुसरी माणसं याला शकुन म्हणाली असती. आम्ही शकुन मानायचं सोडलेलं होतं, त्यामुळं आम्ही नुसतेच खूश झालो.

दसरा तिथीनं येतो, तारखेनं येत नाही. एका वर्षी सप्टेंबरात येतो, एका वर्षी ऑक्टोबर संपत आल्यावर. आणि नागपूरचा मोठा मेळावा दसऱ्याच्या तिथीला भरतो. हे मला माहीत होतं, गयामायला माहीत होतं, काशीला माहीत होतं, आम्ही सगळे दरवर्षी त्याप्रमाणं जात होतो. तरी त्या दिवशी त्या टेबलापाशी कुणाच्याही मनात आलं नाही. आजही लोक म्हणतात, मुन्शीजी, चूक तुमची. मी मान्य करत नाही. आयुष्यात पहिल्यांदा एका बाईला स्वतःच्या दिवसाचं नाव स्वतः ठेवता आलं, ते मी लिहिलं. ते वाचणारा माणूस सरळ असता तर त्या कागदात काहीच वाकडं नव्हतं.

मिळकत नागपूरची, म्हणून नोंदणीही नागपूरलाच. वाशीमहून लहान गाडीनं अकोला, तिथून मोठ्या गाडीनं नागपूर. आणीबाणीचे दिवस, कचेरीत सगळे वेळेवर हजर आणि त्या वेळेवर येण्याचा सगळ्यांना भारी ताठा. तिथल्या कारकुनानं चतुःसीमा विचारली. खोलीची सांगितली. मग म्हणाला, आणि दिवसांची? मी म्हणालो, "पूर्वेला अकरा ऑक्टोबर, पश्चिमेला सोळा." त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मी थट्टा करत नव्हतो. दौलतनं त्याच्या बाजूनं सही केली, खोली माझी, हे चार दिवस कायमचे गयाबाईच्या ट्रस्टचे. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "मुन्शीजी, कागद कायले पाह्यजे होता? मी हावो ना." मी म्हणालो, "तुमी हाय तवर नाई पाह्यजे." त्याला ते थोडं लागलं, हे मला दिसलं.

दौलत पुढच्या उन्हाळ्यात वारला. घर त्याच्या मुलाकडं आलं. मुलाचं नाव मधुकर, एका कचेरीत कारकून, बोलायला गोड, केस नेहमी बसवलेले. त्या वर्षी दसरा ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात होता. गयामाय गावच्या बाया घेऊन निघाली. सोबत काशीची मुलगी रुक्मा, सहावा महिना लागलेली. मीही मेळाव्याला जाणारच होतो, स्टेशनवर भेट झाली म्हणून त्यांच्यासोबत घरापर्यंत गेलो. मागच्या खोलीला कुलूप. आत माणसांचे आवाज नाहीत, पण दोरीवर परक्या लोकांचे कपडे वाळत होते.

मधुकर बाहेर आला. सगळ्यांना वाकून जयभीम घातला. "आत्या, तुम्ही आज कशा?"

"मेळाव्याले आलो बाप्पा. कुलूप काहाड."

"आत्या, तुमचे दिवस बारा तारखेपासून. आज तर दोन तारीख." आणि तो आत जाऊन कागदाची नक्कल घेऊन आला. मला दाखवली. माझंच अक्षर.

त्यानं ती खोली मेळाव्यापुरती लांबून आलेल्या पाहुण्यांना भाड्यानं दिली होती. ते फिरायला गेले होते. मी म्हणालो, "मधुकर, वीस वर्षं तुझ्या बापानं या बायांना दसऱ्यालाच खोली दिली. तू लहान होतास तेव्हा तू स्वतः घागरी आणून ठेवल्यास."

"ते खरं आहे मुन्शीजी. पण तेव्हा कागद नव्हता. आता आहे. लिहिलेलं मानायचं की नाही, तुम्हीच सांगा."

शिवी दिली असती तर मी परत दिली असती. हात उचलला असता तर धरला असता. पण हा माणूस अदबीनं बोलत होता, पाण्याचे पेले घेऊन येत होता, उन्हात उभ्या राहू नका आत्या म्हणत होता. कुंपणानंच शेत खाल्लं तर तक्रार कुणाकडं करायची? गावातल्या पाटलानं आम्हाला दारात उभं केलं असतं तर मला नवल वाटलं नसतं, त्यासाठीच तर आम्ही ते सगळं सोडून आलो होतो. हा आमचा. दीक्षेच्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर राहणारा. याच्या घराच्या भिंतीत त्या बाईची चांदी होती.

त्या वर्षी बाया उघड्यावर राहिल्या. रुक्माला दोन दिवस अंघोळ नाही. लघवीला जायचं म्हणजे चार बायांनी घेराव करायचा आणि दूर नाल्याकडं चालत जायचं, म्हणून तिनं पाणी पिणंच सोडलं. काशी तिला पाणी पी म्हणायची आणि ती नको म्हणायची. मी हे दुरून पाहत होतो आणि मला भाषणातला एक शब्द ऐकू येत नव्हता.

वाशीमला आल्यावर मी पुन्हा वकील गाठला, हसणारा नव्हे, दुसरा. त्यानं सांगितलं, दुरुस्तीचा दस्त होतो, पण मधुकरनं सही केली तर. नाही तर दावा. दावा नागपूरच्या कोर्टात, आणि तो कधी संपेल ते कोण सांगणार. गयामायनं ऐकून घेतलं. "दावा नाई लावत. दौलतचं पोरगं हाय. पन कागद म्हनते ना बारा तारखेले या? तं जाऊ."

"माय, तेव्हा तिथं मेळावा नसन. मैदान रिकामं असन. काय करान जाऊन?"

"न जावं तं तो म्हनीन, आल्याच नाई, हक्क सुटला. मी सोडत नाई."

हे मात्र मला पटलं. आणि खरं सांगतो, मला सूडही पाहिजे होता. कागद कागद करतोस ना, तर घे कागद. बारा तारखेला सकाळी आम्ही त्याच्या दारात. गयामाय, काशी, कौसल्या आणि मी. रुक्माला आणलं नव्हतं. मी नक्कल काढली आणि मोठ्यानं वाचायला लागलो, शेजारची माणसं बाहेर येतील इतक्या मोठ्यानं. मधुकर दारात हात जोडून उभा. या वेळी त्याचे केस बसवलेले नव्हते.

"मुन्शीजी, खोलीत शांता आहे," तो म्हणाला. शांता म्हणजे त्याची बायको. "बाळंत झाली परवा. तिला माय नाही, माझी आई गेलेली. ताप आहे. तिला हलवू कुठं? पुढच्या खोलीत येणंजाणं असतं."

मी म्हणालो, "लिहिलेलं मानायचं की नाही, तूच सांग."

फार बरं वाटलं मला ते वाक्य बोलताना. आणि तेवढ्यात गयामायनं मला बाजूला सारलं. "तुमी इथंच बसा. आत पुरुष मानसाचं काम नाई." तिघीही आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

थोड्या वेळानं कौसल्या बाहेर आली आणि मधुकरला कामाला लावलं. पाणी तापव, ओवा आण, शेपा आण, शेगडी पेटव, जुनी धोतरं फाड. तो धावत होता. कौसल्येनं मला सांगितलं, ताप दुधाचा आहे, गाठी झाल्या आहेत, दोन दिवस कुणी हातच लावला नाही, पोरगी घाबरून रडून राहिली आहे. चार दिवस त्या तिथं राहिल्या. शेक दिला, बाळाला न्हाऊ घातलं, शांताला खाऊ घातलं. त्या चार दिवसांत मधुकरला मागं पाऊल टाकू दिलं नाही. तो दारापाशी येऊन खोकायचा, वस्तू ठेवायचा आणि जायचा.

मी मात्र जळत होतो. धडा शिकवायला आलो आणि याच्या लेकराची दृष्ट काढत बसलो. दृष्टही आम्ही मानत नाही, पण काशीनं काढली, मी स्वतः ऐकलं. तिसऱ्या दिवशी गयामाय बाहेर बसलेली दिसली तेव्हा मी तिला बोललो, "त्यानं रुक्माले उघड्यावर ठेवलं, अन् तुमी त्याच्या बायकोचे पाय चेपून राह्यल्या?"

"तुमीच लिहिलं ना," ती म्हणाली. "आधी गरोदर अन् बाळंतीन. ते बाळंतीन हाय."

"ते गावच्या बायांसाठी लिहिलं."

"दौलत गावचाच होता. त्याची सून कोन्या गावची?" आणि मग म्हणाली, "मुन्शीजी, कागदात अजून एक बाई घालता येते का? सांभाळनारी?"

येत होती. नवा विश्वस्त नेमायचा अधिकार मी तिच्याकडं ठेवला होता. मी विचारलं, कोण. ती म्हणाली, शांता.

मी उसळलो. "माय, किल्ली त्याच्याच घरात देता?"

"कुलूप कोनाच्या घरात हाय? मी अनसिंगाकडं, कुलूप इथं. मी मेल्यावर काशी येईन का कुलूप तोडाले? शांताले आत सगळं सांगतलं काशीनं. काशीनं, मी नाई. वीस वर्सांत काशी त्या लेकराचं एका शब्दानं बोलली नव्हती. हे पोरगी ऐकत होती, अन् आपलं लेकरू धरून बसली होती." मग ती उठली. "लिहा."

नेमणुकीचा कागद झाला. शांता चौथीपर्यंत शिकलेली, तिनं स्वतःचं नाव सावकाश लिहिलं. मधुकर पाहत होता आणि हसून मला म्हणाला, "करा, करा. माझीच बायको आहे." आयत्या बिळावर नागोबा. त्याला वाटलं, हक्क फिरून घरी आला.

पुढच्या वर्षी दसरा ऑक्टोबरच्या उतरणीला होता, कागदातले दिवस कधीच मागं पडलेले. गयामाय थकली होती, खोकला वाढला होता, तरी आली. बाया नेहमीपेक्षा जास्त होत्या, रुक्मा कडेवर मूल घेऊन होती. मी मुद्दाम सोबत गेलो, भांडायची सगळी तयारी करून. गल्लीच्या वळणावरूनच दिसलं, मागच्या खोलीचं दार उघडं. शांता पदर खोचून उभी होती. दारात दोन पिंपं पाण्यानं भरलेली, आत सतरंज्या अंथरलेल्या.

"या माय," ती म्हणाली. "आधी लेकराची माय कोन हाय, तिले येऊ द्या."

बाया आत गेल्या. गयामाय उंबऱ्यावर थांबली, शांताच्या पाठीवरून हात फिरवला आणि आत गेली. कागदातली तारीख दुरुस्त करायची का, असं मी तिला येताना गाडीत विचारलं होतं. राहू द्या म्हणाली. त्या हिवाळ्यात ती गेली, आणि आजवर कुणी ती दुरुस्त केलेली नाही.

मधुकर पुढच्या ओट्यावर बसला होता. त्या पाहुण्यांशी त्यानं यंदाही बोलणी करून ठेवली होती, पण शांतानं खोली दिली नाही, ते ट्रंका घेऊन परत गेले होते. त्याच्या हातात कागदाची नक्कल. मला पाहून तो उठला आणि दारापर्यंत माझ्यासोबत आला.

"मुन्शीजी, तुम्ही कायद्याचे माणूस. यात दसरा कुठं लिहिला आहे, दाखवा."

"कुठंच नाही," मी म्हणालो. "तुझं बरोबर आहे. दावा लाव. वादी तू, प्रतिवादी तुझी बायको. अर्ज मी लिहून देतो, पैसे नको."

आतून पाण्याचा आवाज येत होता, लेकरं रडत होती. मग काशीचा आवाज आला, चांगला खणखणीत. "दारापाशी कोन पुरुष उभा हाय? त्याले म्हना, दूर सरक. बाया न्हाऊन राह्यल्या."

मधुकर सरकला. मीही सरकलो.